गुप्तरोगाची तक्रार: कोण येतं, कोण येत नाही आणि आलेल्याला कुठं न्यायचं
(गावात नव्यानं काम सुरू करणाऱ्या आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि कार्यकर्त्यांसाठी)

गावात काम सुरू केल्यावर 'गुप्तरोग' हा शब्द कुणी तुमच्यापुढं उच्चारेल, याची वाट पाहू नका. कानावर येईल ते असं: 'बाई, अंगावरून लय पांढरं जाते', 'कंबर धरते', 'लघवीले आग होते', 'तिथं फोड आला', 'गरमी झाली'. यातला 'गरमी' हा शब्द फसवा आहे. चैत्र-वैशाखात तो उन्हाळ्याच्या त्रासासाठी वापरतात, आणि जुनी माणसं उपदंशालाही (सिफिलिस) गरमीच म्हणतात. म्हणून शब्दावर थांबायचं नाही. कुठं, कधीपासून, दुखतं का, पाणी जातं का, एवढं विचारल्याशिवाय अर्थ लावू नका.

आधी हे ध्यानात घ्या: आजारी कोण आणि येतो कोण

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६५० बायकांची तपासणी झाली होती. ९२ टक्के बायकांमध्ये एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडला. एकेका बाईमागे सरासरी ३.६ आजार निघाले. त्याआधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आणि ४५ टक्के बायकांची काही तक्रारच नव्हती. हे सगळे आजार संबंधातून आलेले नव्हते, जंतुसंसर्गाचा वाटा साधारण निम्मा होता. तरी नव्या कार्यकर्त्यानं हे आकडे पाठ करावेत, कारण तुमच्या वहीत पाच बायका असतील तर गावात पाचच आजारी आहेत, असा हिशेब इथं चालत नाही.

पुरुष लवकर येतो. परमा (गोनोरिया) झाला की बहुधा २ ते ५ दिवसांत लघवीला आग आणि पू सुरू होतो, मग गप्प बसता येत नाही. पण तो आधी एसटी स्टँडच्या भिंतीवर 'हमखास इलाज' लिहिलेलं असतं तिथं जातो, नाहीतर मेडिकलवाल्याकडून दोन-चार गोळ्या घेतो. तुमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा आजार अर्धवट दबलेला असतो आणि खिशातले पैसे संपलेले असतात.

बाईचं वेगळं. परमा असो की क्लॅमिडिया (संबंधातून येणारा असाच एक जंतुसंसर्ग), बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही. जाणवलं तरी आई, सासू, जाऊ सगळ्यांना तेच होतं, म्हणून ते बाईच्या जातीचं दुखणं ठरतं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मजुरी बुडवून कुणी येत नाही. मग जंतू गर्भाशयातून नळ्यांपर्यंत चढतात. पुढं ओटीपोटाचं कायमचं दुखणं, नळ्या बंद होऊन मूल न राहणं, किंवा गर्भ नळीतच अडकणं, असे परिणाम होतात. मूल होत नाही म्हणून जिला बोल लावला जातो, तिच्या दुखण्याची सुरुवात कित्येकदा नवऱ्याच्या न सांगितलेल्या आजारात असते.

याशिवाय काही माणसं मुळीच येत नाहीत: लग्न न झालेली पोरं-पोरी, विधवा आणि टाकलेल्या बायका, पुरुषांशी संबंध असणारे पुरुष, तृतीयपंथी, पैसे घेऊन संबंध ठेवणाऱ्या बायका. आजारापेक्षा गावाची भीती त्यांना जास्त असते. मिरची तोडायला तेलंगणात जाणारे, वीटभट्टीवर किंवा ट्रकवर महिनोन्‌महिने बाहेर राहणारे, यांना धोका जास्त असतो हे खरं. पण 'बाहेर जातो म्हणजे त्यालाच असणार' अशी मनात यादी करून फिरू नका. त्या यादीबाहेरच्या घरातला आजार मग तुमच्या नजरेतून निसटतो.

गरोदर बाई मात्र तपासणीला येतेच. तिथं चुकू नका, त्याबद्दल खाली आहे.

पहिली पायरी: ऐकणं

अंगणात, सासूसमोर, बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढू नका. उपकेंद्राच्या आतल्या खोलीत, वजनाच्या निमित्तानं, किंवा शेताच्या वाटेवर दोघीच असताना बोला. पुरुषाला पुरुष कर्मचाऱ्याशी बोलणं सोपं वाटत असेल तर तशी सोय करा. धारणी-चिखलदऱ्याकडं कोरकू बोलणारी किंवा गडचिरोलीकडं गोंडी बोलणारी बाई असेल, तर दुभाष्या म्हणून तिच्या मुलाला किंवा नवऱ्याला बसवू नका. दुसऱ्या गावची आशा बोलवा.

विचारायचं ते एवढंच:

- त्रास काय आणि किती दिवसांपासून?
- पाणी जात असेल तर रंग कसा, वास येतो का, खाज आहे का?
- फोड किंवा जखम असेल तर दुखते का? जांघेत गाठ आहे का?
- ओटीपोटात दुखतं का, ताप येतो का, संबंधाच्या वेळी दुखतं का?
- पाळी कधी आली होती? दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?
- आधी कोणती गोळी, सुई घेतली? पाकीट आहे का?
- पेनिसिलिनची किंवा दुसऱ्या कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती का? शुगर आहे का?
- घरच्या माणसाला असाच त्रास आहे का?

'बाहेर कुणाशी संबंध आला?' हा प्रश्न तुम्ही विचारू नका. तो समुपदेशक बंद खोलीत विचारतील. गावातल्या माणसानं तो विचारला की समोरचा खोटं तरी सांगतो, नाहीतर परत येत नाही.

आणि वही. नावापुढं आजार लिहायचा नाही. 'ग्रामीण रुग्णालयात पाठवलं' एवढं पुरेसं आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर केसपेपरचा फोटो टाकणं तर सर्वस्वी गैर. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे: संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही.

दुसरी पायरी: घाई कुठं, धीर कुठं

सगळंच पांढरं पाणी आजाराचं नसतं. पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, चिकट, बिनवासाचं पाणी जाणं हे शरीराचं नेहमीचं काम आहे. दह्यासारखं फुटीर पाणी आणि जोरात खाज असेल तर बहुधा बुरशी असते. मासळीसारखा वास येणारं पातळ करडं पाणी जिवाणूंचा तोल बिघडल्यानं जातं. ही दोन्ही दुखणी संबंधातून आलेली मानत नाहीत. हे तिला आणि तिच्या घरी स्पष्ट सांगा, नाहीतर साध्या बुरशीवरून संसारात संशय शिरतो. पुरुषाच्या शिश्नाच्या टोकाला वारंवार चिरा पडत असतील, खाज असेल, तर आधी शुगर तपासायला लावा. तरण्या पोरांची 'धात जाते' ही तक्रार तर बहुतेक वेळा आजार नसतोच. पण हसून उडवू नका, त्याच भीतीच्या जोरावर भिंतीवरच्या जाहिराती चालतात.

पिवळं-हिरवं पाणी, लघवीच्या जागेतून पू, कुठलीही जखम, जांघेतली गाठ: यांना एक-दोन दिवसांत दवाखान्यात न्या.

बिनदुखीची जखम विशेष लक्षात ठेवा. उपदंशाची पहिली जखम साधारण ३ आठवड्यांनी येते (१० ते ९० दिवसांत कधीही येऊ शकते). ती कडक असते, दुखत नाही, आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते. माणूस म्हणतो, 'लेप लावला, बरं झालं.' आजार मात्र रक्तात असतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ उठतं. तेही जातं. नंतर वर्षानुवर्षं शांतता, आणि मग मेंदू किंवा हृदयाला इजा. जखम भरली म्हणून जो थांबला, त्यालाच रक्ततपासणीची सर्वांत जास्त गरज आहे.

त्याच दिवशी, रात्र असेल तरी १०८ बोलवून न्यायची माणसं ही:

- ओटीपोटात जोराचं दुखणं आणि ताप किंवा उलट्या.
- पाळी चुकलेली आणि पोटात एका बाजूला कळ, चक्कर. गर्भ नळीत असू शकतो.
- तरण्या मुलाच्या अंडकोषात अचानक असह्य दुखणं. पीळ बसला असेल तर साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते.
- जबरदस्ती झालेली कुणीही व्यक्ती. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. तिचे उपचार सरकारी आणि खासगी, दोन्हीकडं मोफत करणं कायद्यानं बंधनकारक आहे.

वय १८ च्या आत असेल तर पोक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं. ही गोष्ट त्या मुलीपासून लपवून पुढं जाऊ नका. आधी सांगा, सोबत राहा, पण उपचार थांबवू नका.

तिसरी पायरी: कुठं न्यायचं

उपकेंद्रात बहुधा पुरेशी तपासणी होत नाही. जवळची पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) पहिलं ठिकाण. त्यापुढं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि मग जिल्हा रुग्णालय. जिल्हा आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. पाटी सापडली नाही तर पुरुषांनी त्वचा व गुप्तरोग विभाग विचारायचा आणि बायकांनी स्त्रीरोग ओपीडी. रक्ततपासणी व समुपदेशनाची खोली 'आयसीटीसी' नावानं ओळखतात, तिथं एचआयव्हीची चाचणी फुकट होते. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही फुकट आहे. गावात तोंड उघडायला जो तयार नाही त्याला आधी हा नंबर द्या.

पैशाच्या भीतीनं कुणी थांबत असेल तर सांगा: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-औषधापर्यंत पैसे लागत नाहीत. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो ही वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या विभागाची, तिथं हा नियम धरून चालू नका. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दिवस निवडायचा तर तालुक्याच्या आठवडी बाजाराचा निवडा, घरी कारण सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: तपासणीचा दिवस

सकाळच्या ओपीडीत नंबर लागेल असं निघा. लघवीच्या जागेतून पू जात असेल तर तपासणीआधी तासभर तरी लघवी करू नये, नाहीतर नमुन्यासाठीचा पू धुऊन जातो. बाईनं आदल्या रात्रीपासून योनीच्या आत काही धुऊ नये. तुरटीचं पाणी, डेटॉल, साबण आत वापरणं तर कधीच नको, त्यानं चांगले जिवाणू मरतात आणि त्रास वाढतो. पाळीच्या दिवसांत आतली तपासणी टाळतात, पण ताप किंवा जोराचं दुखणं असेल तर पाळी सरायची वाट पाहायची नाही. घेतलेल्या औषधांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका.

आतल्या तपासणीत काय होतं ते आधीच सांगितलं की निम्मी भीती जाते: पाठीवर झोपवतात, गुडघे दुमडून पाय बाजूला करायला सांगतात, एक उपकरण आत घालून गर्भाशयाचं तोंड पाहतात, कापसाच्या काडीनं पाणी घेतात. काही मिनिटांचं काम. श्वास सोडून अंग सैल ठेवलं तर कमी दुखतं. डॉक्टर पुरुष असेल तर सिस्टर किंवा आशाताईला आत थांबवण्याचा हक्क बाईला आहे. तपासणीसाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही.

उपदंश आणि एचआयव्ही या दोन्हींची रक्ततपासणी मागून घ्या. एक लैंगिक आजार असला की दुसरा असण्याची शक्यता वाढते, आणि जखमेतून एचआयव्ही सहज शिरतो. एचआयव्हीचा निकाल निगेटिव्ह आला आणि धोक्याचा संबंध नुकताच झाला असेल, तर ३ महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. वयाची तिशी ओलांडलेल्या बाईची गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या.

गरोदर बाईची उपदंश व एचआयव्हीची चाचणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. दर महिन्याच्या ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत तिचं कार्ड उघडून बघा आणि तो रकाना कोरा असेल तर तिथंच विचारा. उपदंश निघाला तर पोटातल्या बाळाला वाचवणारं औषध एकच, पेनिसिलिनचं इंजेक्शन. बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी ते मिळालं तरच बाळाचा उपचार पुरेसा धरतात. आठव्या महिन्यात माहेरी निघालेल्या बाईचा कागद सोबत गेला नाही, तर हेच ३० दिवस हातचे जातात. माहेरच्या आशेला फोन करा.

पाचवी पायरी: औषध पोटात जाईपर्यंत

सरकारी कार्यक्रमात लक्षणांनुसार रंगीत किट ठरलेली आहेत. लघवीच्या जागेतून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून पू जात असेल तर करडं, योनीतल्या पाण्यासाठी हिरवं, जखमेसाठी पांढरं, पेनिसिलिन न चालणाऱ्यासाठी निळं, पाण्याच्या बारीक दुखऱ्या फोडांसाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं, जांघेच्या गाठीसाठी काळं. कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. तुम्हाला रंग माहीत हवेत ते यासाठी, की किती दिवस पाठपुरावा करायचा हे रंगावरून कळतं. करडं आणि हिरवं एकाच डोसचं असतं, ते शक्यतो दवाखान्यातच, समोर गिळायला लावा. लाल ७ दिवस, पिवळं १४, निळं १५ आणि काळं २१ दिवस चालतं.

बिघडतं ते नेमकं असं:

गोळी घेतल्यापासून तासाभरात उलटी झाली तर डोस वाया गेलेला असू शकतो. दवाखान्यात कळवा, गप्प बसू नका.

हिरव्या आणि पिवळ्या किटमधल्या एकेका औषधावर दारू चालत नाही. मोहाची असो की देशी, मळमळ, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. औषध चालू असताना आणि संपल्यावर ३ दिवस दारू बंद. हे न सांगितल्यामुळं माणूस औषधालाच दोष देतो आणि सोडतो. याच औषधानं तोंडाला लोखंडासारखी चव येते, ते निवळतं.

डॉक्सिसायक्लिन, म्हणजे पिवळ्या, निळ्या, काळ्या किटमधली रोज दोनदा घ्यायची गोळी, पेलाभर पाण्यासोबत, उभ्यानं किंवा बसून घ्यायची. गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. दुधासोबत नको. आणि तुम्हीच वाटलेल्या लोहाच्या गोळीसोबतही नको, दोन्हींत २ ते ३ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध रक्तात नीट उतरत नाही. तिच्यामुळं ऊन लवकर भाजतं. वेचणी-निंदणाला जाणाऱ्या बाईनं पूर्ण बाह्या आणि डोईला दुपट्टा घ्यावा. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत.

पेनिसिलिनचं इंजेक्शन २४ लाख युनिटचं असतं, दोन्ही कुल्ल्यांवर निम्मं-निम्मं देतात, आणि ते दुखतं. दिल्यावर अर्धा तास तिथंच बसवून ठेवा. त्या रात्री थंडी-ताप, अंगदुखी झाली तर बहुधा ते जंतू मरत असल्याचं लक्षण असतं, दिवसभरात उतरतं. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला तर ती ॲलर्जी, लगेच दवाखाना. जुन्या उपदंशाला हे इंजेक्शन आठवड्याला एक असं ३ वेळा लागतं, आणि दुसरं-तिसरं चुकवणारेच जास्त असतात. तारखा कॅलेंडरवर नुसत्या टिंबानं मांडून द्या.

मेडिकलमधून सिप्रोच्या (सिप्रोफ्लॉक्सासिन) गोळ्या घेऊन परमा बरा होईल, या भरवशावर राहू नका. त्या जंतूनं हे औषध कधीच पचवलंय.

सहावी पायरी: जोडीदार

सगळ्यांत जास्त उपचार इथं वाया जातात. एकाचाच इलाज झाला तर दुसऱ्याकडून आजार परत येतो, आणि लोक म्हणतात, 'सरकारी औषधाले गुण नाही.'

पू आणि जखमेच्या आजारांत गेल्या ३ महिन्यांतल्या प्रत्येक जोडीदाराला, त्रास नसला तरी, उपचार लागतो. बुरशीला सहसा लागत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा की जोडीदाराला आणायचं का. उगाच आणायला लावून घरात वाद पेटवू नका.

सांगायचं कसं? पुरुषाला असे शब्द द्या: 'मले इन्फेक्शन निघालं. डॉक्टरनं दोघांलेही गोळी घ्यायले सांगितलं.' एवढंच वाक्य. कुणापासून आलं, कधी आलं, हे कित्येकदा तपासणीतूनही कळत नाही, कारण जंतू महिनोन्‌महिने शांत बसतात. तेव्हा बाईवर आळ घ्यायला काही आधार नसतो, हे समुपदेशकाच्या तोंडून ऐकवा. बाईला मार बसण्याची भीती वाटत असेल तर तिनं स्वतः सांगूच नये. समुपदेशकाला सांगा, ते जोडीदारासाठी चिठ्ठी देतात. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर तिला तोंडपाठ करवा, कागदावर देऊ नका.

तुम्ही मात्र कुणाच्या जोडीदाराच्या घरी परस्पर जायचं नाही. कधीच नाही.

सातवी पायरी: सात दिवसांनी

एका डोसच्या औषधानंतर ७ दिवस, आणि जोडीदाराचा उपचार पुरा होईपर्यंत, संबंध बंद. जखम असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत. सातव्या दिवशी पुन्हा दवाखान्यात दाखवायचं. त्रास तसाच असेल तर चारच गोष्टी तपासा: औषध पूर्ण घेतलं का, उलटी झाली होती का, जोडीदारानं घेतलं का, मधे संबंध आला का. चारही ठीक असतील तर औषध बदलायची वेळ आलेली असते, ते डॉक्टरांवर सोपवा. उपदंशाची एक चाचणी बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. पुढच्या कुठल्या तपासणीत ती दिसली की माणूस हादरतो, म्हणून उपचाराचा कागद जपून ठेवायला सांगा.

निरोध तुमच्याकडं फुकट येतात. ते टिनाच्या छपराखालच्या पेटीत ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं रबर सुकून जातं, मग ऐन वेळी फाटतं. माठाच्या खोलीत, सावलीत ठेवा, तारीख पाहून वाटा. खोबरेल, तूप, व्हॅसलीन लावू नये हेही सांगा, तेलानं रबर कमजोर होतं. मागायला लाज वाटणाऱ्यांसाठी एक डबा उपकेंद्राच्या बाहेरच्या ओट्यावर, कुणाच्या नजरेसमोर नसलेल्या कोपऱ्यात ठेवा आणि दर आठवड्याला भरा. कुणी नेले ते मोजू नका.